मुदत मागणारी म्हातारी

कोयनेच्या खोऱ्यात कारवी सात वर्षांनी फुलते आणि फुलून झाली की मरते. पाटणहून हेळवाककडे जाताना डोंगर निळा-जांभळा दिसला की मोठी माणसं मधाच्या गोष्टी काढतात. वाळलेल्या काठ्या मग कुडाला लागतात. एका फुलोऱ्याच्या साली जन्मलेलं पोर पुढच्या फुलोऱ्याला दुसरीत असतं. जगण्या-मरण्याचा इतका उघड हिशेब डोंगरावर मांडलेला असताना आपल्या छापील बालकथेत मरण फारसं फिरकत नाही. आलंच तर ‘देवाघरी गेले’ म्हणून दार लावून घेतलं जातं.

आज्यांच्या गोष्टींत असं नव्हतं. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आठवा. लेकीकडे जाताना वाटेत वाघ भेटतो, खायला निघतो. म्हातारी त्याच्याकडे अमरपण मागत नाही, मुदत मागते. लेकीकडे चार दिवस राहते, अंगावर मांस चढवते आणि परतताना वाघाला फसवते. वाघ आहेच, हे तिलाही ठाऊक आणि ऐकणाऱ्या नातवालाही. मरणाशी केलेली इतकी खेळकर घासाघीस मला नंतरच्या बालवाङ्मयात क्वचितच दिसली.

अमर होण्याबद्दलही आपली लोककथा भाबडी नाही. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात सुरक्षित असतो, पण गोष्टीची सगळी गंमत त्या पोपटाची मान पिरगाळण्यात. आणि खरोखर चिरंजीव झालेला अश्वत्थामा? कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत रानोमाळ हिंडतो. न मरणं ही शिक्षा आहे, हे आमच्या पिढीला त्या तेलाच्या मागणीतून कळलं, व्याख्यानातून नव्हे.

मग लिखित साहित्य आलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिलं. १९३५ मध्ये ते छापून आलं. संस्कारांच्या नावाखाली या पुस्तकाची रचना आपण नीट पाहिलेलीच नाही. पहिली रात्र सावित्रीव्रताची: आजारी आईच्या वतीने श्याम वडाला प्रदक्षिणा घालतो. म्हणजे सुरुवात यमाला परतवणाऱ्या गोष्टीने होते आणि बेचाळिसावी रात्र आईच्या स्मृतिश्राद्धाची आहे. मधल्या चाळीस रात्रींत यम परतत नाही, हेच तर कथानक. मराठी मुलांच्या हाती पडलेलं मृत्यूवरचं सर्वांत धीट पुस्तक हेच, आणि आपण ते रडण्याच्या स्पर्धेसाठी वापरलं.

पुढे काय झालं? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दशकं उलटली तरी शाळेतच राहिला. त्यात भागवतांचा दोष नाही. साहसकथेचा नायक वाढला तर सायकल कोण मारणार? दोष संस्कारकथांचा. त्यांनी मार्कंडेय आणि सावित्री घेतले, पण भक्ती केली, शहाण्यासारखं वागलं की मरण टळतं, असा मार्कांचा तक्ता बनवला. मग ज्याचा आजोबा गेला त्या मुलाने काय समजायचं, आपली प्रार्थना कमी पडली? माधुरी पुरंदरे यांच्यासारख्यांनी घरातलं साधं, खरं जगणं मुलांच्या पुस्तकात आणलं, हा मोठा बदल आहे. तरी पुस्तक विकत घेणारे आई-बाप असतात आणि मुलापेक्षा घाबरतात तेच.

ही पोकळी अनुवादांनी थोडी भरली. ‘तोत्तोचान’मध्ये वर्गमित्र मरतो आणि सोबतची मुलं अंत्यविधीला जातात, कुणी त्यांच्यापासून लपवत नाही. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ची गंमत वेगळीच. परीस म्हटलं की मराठी मुलाला लोखंडाचं सोनं आठवतं. त्याच दगडातून अमृतही निघतं, ही कथेतली मोठी गोष्ट नावातून निसटली. आणि त्या दगडाचा ६६५ वर्षांचा मालक निकोलस फ्लॅमेल शेवटी तो नष्ट होऊ देतो, बायकोसह मरायला तयार होतो!

पण या विषयावरचं माझं आवडतं पुस्तक नॅटली बॅबिट यांचं, १९७५ सालचं ‘टक एव्हरलास्टिंग’. एका झऱ्याचं पाणी पिऊन एक कुटुंब न मरणारं झालं आहे. घरातला बाप दहा वर्षांच्या विनीला होडीतून तळ्यावर नेतो आणि सांगतो, की पाणी सरकतं, सगळं सरकतं, आम्ही तेवढे अडकलो. विनी ते पाणी पीत नाही, एका बेडकावर ओतते. खूप वर्षांनी त्या कुटुंबाला तिची कबर सापडते. बॅबिटबाई इथे एकही अश्रू ओढून काढत नाहीत.

तळ्यावरचा तो प्रसंग वाचताना मला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो. तिथे नदीच अडवलेली, पाण्याखाली गावं, देवळं, शेतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवणारे आजी-आजोबा अजून पाटण तालुक्यात आहेत. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणारी पोरंही आहेत. कुमारवयीन कादंबरीला आणखी काय हवं? पाटण-जावळी-शिराळ्याच्या लिहित्या शिक्षकांना विनंती आहे: पुढची कारवी फुलायच्या आत दीडशे पानांची एक कादंबरी लिहा, आणि कृपा करून शेवटच्या प्रकरणात आजीला वाचवू नका.