साचा, काच आणि नाव: फायबरग्लासच्या किट-कार छायाचित्रांतून ओळखताना

गवतात अर्धी रुतलेली, काच फुटलेली, कुठलंही बोधचिन्ह नसलेली एक बसकी दोन आसनी गाडी. असं छायाचित्र समोर आलं की आपल्यातला कुणीतरी चटकन एक नाव सांगून मोकळा होतो. "अरे, ही तर मँक्स!" आज आम्हाला बोलायचंय ते या चटकनपणाविषयी. नाव कित्येकदा बरोबरही निघतं. पण फायबरग्लासच्या किट-कारला 'ही कोणती गाडी?' हा प्रश्नच अपुरा पडतो, आणि अपुऱ्या प्रश्नाला दिलेलं ठाम उत्तर पुढे त्या गाडीला भोगावं लागतं. कसं, ते शेवटाकडे येईल.

कारखान्यातून तयार निघालेल्या गाडीचा कर्ता एकच धरता येतो. किट-कारचं तसं नाही. एकाने आकार घडवला, दुसऱ्याने त्यावरून साचा काढला, तिसऱ्याने साच्यातून कवच काढून विकलं, आणि चौथ्याने घरामागच्या शेडमध्ये कैक रविवार घालवून गाडी पुरी केली. इंग्लंडमध्ये या धंद्याला सरकारनेच हातभार लावला. नव्या तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, किट घेतलं की तो वाचायचा. जोडणीच्या सूचना देता येत नाहीत म्हणून लोटसच्या कॉलिन चॅपमननी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या, गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या, अशी गोष्ट तिकडे अजून चवीने सांगतात. १९७३ साली व्हॅट आला आणि ही सवलत गेली. वेल्समधल्या गिल्बर्नसारखे छोटे कारखाने त्याच सुमारास बंद पडले.

आता साच्याकडे येऊ. पत्र्याची बॉडी काढायची तर प्रेस हवा, डाय हवी, भांडवल हवं. फायबरग्लासला साचा, काचतंतूंची चटई, पॉलिएस्टर रेझिन आणि ब्रश एवढं पुरतं. गणपतीचा कारखाना पाहिलेल्यांना सांगायला नको, की मूर्ती हाती आली तर तिच्यावरून दुसरा साचा काढता येतो. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्सना याचा पुरेपूर अनुभव आला. हे मूळचे बोटींच्या कामातले. १९६४ मध्ये त्यांनी मेयर्स मँक्स ही वाळूत पळणारी बग्गी काढली. पहिल्या डझनभर गाड्यांत कवच हीच चौकट होती. पुढे त्यांनी फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर कवच बसवायला सुरुवात केली. पेटंट घेतलं, पण ते न्यायालयात टिकलं नाही. मग काय, ज्याला साचा काढता येत होता त्याने काढला. खऱ्या मँक्स काही हजार, आणि नकला लाखांच्या घरात असल्याचं मानलं जातं. म्हणजे "ही मँक्स" म्हणणाऱ्याच्या बाजूला नुसत्या शक्यतेचं पारडंही झुकत नाही.

नकलेला स्वतःची लक्षणं असतात. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, म्हणून नकलेची नक्कल मुळापेक्षा जराशी लहान भरते. आणि ज्या गाडीवरून साचा काढला तिच्या मडगार्डला पोचा असेल, तर तो पोचाही पुढच्या प्रत्येक कवचात उतरतो. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत हेच करतात ना? दोन प्रतींत एकच चूक एकाच जागी सापडली की त्यांचं मूळ एक असल्याचा संशय धरायचा. आकसणं छायाचित्रात दिसणार नाही. पोचा मात्र तिरप्या उन्हात काढलेल्या फोटोत दिसू शकतो.

बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाते? हेडलाइट, पुढची जाळी, बॉनेटवरचा फुगवटा. नेमक्या याच गोष्टी बदलायला सगळ्यांत सोप्या. एक करवत आणि एक सुट्टीचा दिवस बस्स. आमच्या मते पाहावी ती पुढची काच आणि दाराच्या कापाची रेषा. वक्र काच स्वतःसाठी घडवून घेणं छोट्या उत्पादकाला परवडत नसे. तो मोठ्या कंपनीच्या गाडीची काच उचलायचा आणि कवचाचा तो भाग तिच्याभोवती बेतायचा. ती काच बदलायची म्हणजे अर्धी गाडी बदलावी लागते, म्हणून सहसा ती बदलली जात नाही.

उसने भाग काळही सांगतात. टीव्हीआरच्या काही ग्रिफिथ गाड्यांच्या मागे तीन फाकांचे गोल दिवे असतात, ते फोर्ड कॉर्टिनाचे. आणि कॉर्टिना आली १९६२ मध्ये. तेव्हा एखाद्या अनोळखी कवचात हे दिवे मूळचेच बसवलेले दिसले, तर त्याआधीची तारीख सांगू नये. बीटलच्या तळावरची अमेरिकन गाडी असेल तर चाकाचे बोल्ट मोजा. १९६७ पर्यंत पाच, १९६८ च्या मॉडेलपासून चार. पण लक्षात घ्या, हे वय तळाचं झालं. कवच त्यावर दहा वर्षांनीही चढलेलं असू शकतं.

दोन चाकांमधलं अंतर हा आणखी एक साक्षीदार. बीटलचं ते ९४.५ इंच, मँक्ससाठी त्यातून १४.२५ इंच कापायचे, उरले ८० च्या जरा वर. बरोबर बाजूने, लांबून काढलेलं छायाचित्र असेल तर चाकाची रिम माप धरून हे प्रमाण काढता येतं. मोबाइलने तीन फुटांवरून काढलेल्या फोटोत मात्र जवळचं चाक परातीएवढं दिसतं. तिथे मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही. शिवाय हा नियम सगळीकडे चालत नाही. बिल डेव्हिन यांनी एर्मिनी या इटालियन गाडीवरून साचा घेतला आणि २९५ डॉलरपासून कवचं विकली, तीही २७ वेगवेगळ्या मापांत! कुठल्याही चासीवर बसावं हाच हेतू. डेव्हिनपुढे मोजपट्टीवाला तोंडघशी पडतो.

कधीकधी दोन नावं एकाच वेळी खरी असतात. ग्लासपार ही कॅलिफोर्नियातली बोटींची कंपनी. बिल ट्रिट यांनी तिथे जी२ हे कवच केलं. सुरुवातीच्या वुडिल वाइल्डफायर गाड्यांवर हेच कवच होतं. फोटो दाखवून "ग्लासपार की वुडिल?" असं विचारणारा वाद लावून देतो, उत्तर मागत नाही. रिचर्ड ओक्स यांची नोव्हा, १९७१ची, ही तर याहून मजेशीर. हिला दारंच नाहीत, सगळं छत वर उचललं जातं. हाच आकार अमेरिकेत स्टर्लिंग झाला, ऑस्ट्रेलियात पर्विस युरेका. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे ते पाहा, असं कुणी सुचवेल. सूचना चांगली, पण फोटो उलटा छापलेला नाही याची आधी खात्री करा. नंबरप्लेटची अक्षरं त्यासाठी उपयोगी पडतात.

जाता जाता, आपल्याकडची डॉल्फिन. ती किट-कार नव्हे. ब्रिटनच्या रिलायंट किटनचं फायबरग्लास रूप बंगळूरच्या सिपानींनी इथे आणलं. स्टिअरिंग दोन्हींचं उजवीकडेच. नंबरप्लेट झाकली तर किटन म्हणायचं की डॉल्फिन, हे तुमच्यातल्या किती जणांना छातीठोक सांगता येईल?

आता नुकसानाचं. समजा, एका बग्गीला फोटोवरून मँक्स म्हटलं गेलं. किंमत चढली. नव्या मालकाला आता ती 'मूळ रूपात' आणायची असते. पहिल्या बांधणाऱ्याने मागे बसवलेलं कॉर्व्हेअरचं इंजिन निघतं, हाताने कापलेला डॅशबोर्ड निघतो, वाढवलेली मडगार्डं घासली जातात. मुळात ती मँक्स नसेल, तर ती कधी जी नव्हतीच ती होऊन बसते. आणि ज्याने ती खरोखर बांधली त्या माणसाचा उरलेला एकमेव पुरावा कचऱ्यात जातो. मोठ्या कंपनीच्या गाडीचे नकाशे कुठेतरी असतात. या माणसाची गाडी हाच त्याचा नकाशा होता.

म्हणून आमचा आग्रह आहे की उत्तर तुकड्यांनी द्यावं. 'कवच मँक्सच्या धर्तीचं, साचा कुणाचा ते यावरून ठरत नाही. तळ आखूड केलेल्या बीटलचा, बहुधा १९६७ किंवा आधीचा. दिवे आणि मडगार्ड बांधणाऱ्याने बदललेले.' ऐकायला हे रुक्ष आहे, टाळ्या मिळत नाहीत. पण यातला एक तुकडा चुकला तर बाकीचे शाबूत राहतात.

आणि फोटो मागायचाच तर बाहेरून काढलेले वीस मागण्यापेक्षा एक आतून मागा. बॉनेट उघडून, टॉर्च तिरपा धरून, कवचाच्या आतल्या अंगाचा. तिथे बहुतेक वेळा रंग पोचलेला नसतो. विणलेलं कापड वापरलंय की तुकड्यांची चटई, जोड कुठे आलेत, ठिगळ नंतरचं आहे का, हे तिथे दिसतं. कधी पेन्सिलीने लिहिलेला एखादा आकडाही. तो पुसू नका म्हणावं. चला, प्रश्न घेऊ.