अंश आहे, छेद कुठाय?

पहिल्या सेमिनारमध्ये मी ठणकावून सांगितलं होतं, ‘ग्राफ्ट फुगलाय? मग ऑपरेशनच बरं, केस रिपोर्ट तेच सांगतात.’ मागून एका सर्जन मॅडमनी विचारलं, ‘अरे, ज्यांचं ऑपरेशन केलं नाही ते कोण होते?’ मी गप्प.

बायपासमध्ये पायातली शीर हृदयाच्या रक्तवाहिनीला जोडतात, हे तुम्हाला माहीत असेल. शिरेची भिंत पातळ, आणि तिला एकदम धमनीचा दाब सोसावा लागतो. अशा शिरा बिघडल्या तर बहुधा अरुंद होतात किंवा बंद पडतात. क्वचित एखादी उलट फुग्यासारखी फुगते. हा व्हेन ग्राफ्ट अन्युरिझम. पहिली नोंद १९७५ची. तो फुटू शकतो, शेजारच्या कप्प्यावर दाब आणू शकतो. कधी भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सापडतो.

रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये अशा छापून आलेल्या २०९ केसेस एकत्र केल्या. काम प्रचंड आहे. दोन-तृतीयांशाहून जास्त अन्युरिझम बायपासनंतर दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा कळले, ही माहिती इतरत्र सहजी मिळाली नसती. वर्णन म्हणून पेपर जरूर वाचा.

पण उपचार ठरवायला त्यातले आकडे वापरू लागलात, की थांबा. या २०९ जणांत आले कोण? ज्यांच्यावर कुणाला लिहावंसं वाटलं ते. लहान, गप्प बसलेला अन्युरिझम कोण छापणार? म्हणजे अंश मिळाला, छेद नाही.

उपचारांचं तर आणखी अवघड. फुगा काढून नवा बायपास, कव्हर्ड स्टेंट, प्लग घालून बंद करणं, किंवा नुसतं लक्ष ठेवणं. ‘नुसतं लक्ष’ कुणाच्या वाट्याला येतं? पुष्कळदा ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्या. थिएटरपर्यंत पोचायच्या आत जो गेला, तोही ‘ऑपरेशन नाही’ याच रकान्यात! शिवाय सत्तरच्या दशकातली शस्त्रक्रिया आणि कालपरवाचा स्टेंट एकाच तक्त्यात. (दोष लेखकांचा नाही; इतक्या दुर्मिळ आजारात रँडमाइज्ड ट्रायल करणार कशी?)

आणि हा प्रश्न कागदी नाही. दुसऱ्यांदा छाती उघडताना जुना ग्राफ्ट हाडामागे चिकटलेला असू शकतो, करवतीखाली येऊ शकतो. ऐंशीच्या आजोबांना हे करायचं की नाही?

म्हणून पुढचा केस रिपोर्ट हातात आला, की आधी दोनच गोष्टी शोधा: उपचार कोणत्या कारणाने निवडला, आणि पेशंटवर किती दिवस लक्ष ठेवलं. ‘डिस्चार्ज दिला’ एवढ्यावर कहाणी संपत असेल, तर समासात तसं लिहून ठेवा.