पायथॉन भाषेतील 'अक्षर' आणि मराठी मात्रा

संगणकाच्या आज्ञाभाषांविषयीची चर्चा भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरची आहे, असा समज आढळतो. पायथॉन या मुक्तस्रोत भाषेच्या परिवारात २००७ साली जे दोन प्रश्न पुढे आले, ते पाहता हा समज टिकत नाही.

पहिला प्रश्न नामांचा. भाषेत सुधारणा सुचविणाऱ्या औपचारिक प्रस्तावांना तेथे 'पेप' म्हणतात. मार्टिन फॉन लोव्हिस यांनी 'पेप ३१३१' मध्ये असे सुचविले की, आज्ञावलीतील नामे रोमन लिपीबाहेरच्या वर्णांतही लिहिता यावीत. कारण आज्ञावली लिहिणाऱ्या अनेकांना इंग्रजी नीट अवगत नसते. परक्या लिपीतील आज्ञावली इतरांना वाचता येणार नाही, सारख्या दिसणाऱ्या वर्णांमुळे घोटाळा होईल, असे आक्षेप आले. तरीही प्रस्ताव स्वीकारला गेला आणि २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथॉन ३.० मध्ये तो अमलात आला. 'मावळ' हे तेव्हापासून पायथॉनमधील निर्दोष नाम आहे.

दुसरा प्रश्न शब्दशोधाचा. देवनागरी मजकुरातून शब्द वेचू जाता त्यांचे तुकडे पडतात, अशी तक्रार त्याच वर्षी नोंदविली गेली. भाषेसोबत येणाऱ्या शोधसाधनाची ही रीत आजही कायम आहे. 'वडगाव मावळ' या नावातून ते 'वडग', 'व', 'म', 'वळ' असे चार 'शब्द' काढते. 'कान्हे' या मावळातील गावाचे 'क', 'न', 'ह' होतात.

याचे मूळ युनिकोडच्या वर्गीकरणात आहे. तेथे व्यंजन हे 'अक्षर', तर काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'चिन्हे' होत. नामाच्या नियमाने चिन्हाला अक्षरामागे प्रवेश दिला. शोधसाधनाने तो नाकारला. एकाच भाषेत शब्दघटकाच्या दोन कल्पना अशा शेजारी नांदत आहेत.

चिन्ह हे अक्षर नव्हेच, असे समर्थन कोणी करील. परंतु ते लेखनाकडे पाहते, वर्णाकडे नव्हे. 'आई' मधील 'आ' अक्षर ठरतो आणि 'मावळ' मधील तोच स्वर काना होताच शब्दाबाहेर पडतो. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी वर्ण एकच आहे. परिणामही किरकोळ नाही. 'माळ', 'मेळा', 'मोळी' आणि 'मुळा' या चारही शब्दांचे तुकडे 'म' आणि 'ळ' हेच होतात. स्वरभेदाने होणारा अर्थभेद पुसला गेल्यावर अशा मोजणीतून सिद्ध केलेल्या शब्दवारंवारतेला काय मोल उरते?

'रेजेक्स' नावाचे स्वतंत्र साधन मात्रांना शब्दात सामावून घेते, ही गोष्ट खरी. मात्र मूळ साधन चूक करताना कोणताही इशारा देत नाही. यामुळे नवख्या अभ्यासकाला पर्याय शोधण्याची गरजच भासत नाही. त्याच्यासमोर आकड्यांचा व्यवस्थित तक्ता येतो आणि तो त्यावर विसंबतो.

लिपीचे स्वागत करणे आणि लिपीची व्यवस्था समजून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. पायथॉन परिवाराने पहिली केली. दुसरी अपुरी राहिली. त्या परिवाराची चर्चा सर्वांस खुली आहे. तेव्हा हा दोष केवळ तंत्रज्ञांच्या माथी मारून चालणार नाही. मराठीच्या अभ्यासकांनी सोदाहरण आक्षेप तेथे मांडले पाहिजेत आणि तोवर शब्दगणनेचा प्रत्येक तक्ता प्रसिद्ध करताना शब्द कोणत्या नियमाने तोडले, हे नमूद केले पाहिजे.