पैले आणि दुसरे

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चे (1616) दोन भाग आहेत: 36 अवस्वरांचे 'पैले पुराण' व 59 अवस्वरांचे 'दुसरे पुराण'. विषय जुन्या व नव्या कराराचाच. परंतु कवीने भागांना ती विशेषणे दिली नाहीत, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पैले-दुसरे हा केवळ क्रम होय. जुने-नवे म्हटले की निवाडा आला. बालाघाटातील रामपायलीसारख्या सीमेवरील गावी तर अडचण दुहेरी होते. हिंदी शास्त्रात 'पुराना नियम', मराठीत 'जुना करार'. नवा करारनामा झाला की जुना रद्द, हे श्रोता व्यवहारातून जाणतो. मग यशया त्याने का वाचावा? मार्कियोनाने दुसऱ्या शतकात हाच प्रश्न टोकास नेला. इब्री 8:13 जुन्याला जीर्ण म्हणते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथील आधार यिर्मया 31:31 चा आहे. म्हणजे 'नवा करार' हे नावच जुन्यातून आलेले आहे. तथापि स्टीफन्स यांच्या नावांतही एक उणीव राहते: त्यांत 'करार' हा शब्द नाही, आणि देवाने आपल्या लोकांशी स्वतःला बांधून घेतले, हे क्रमांकावरून कळत नाही.