लुकेर्याच्या हातातले चमचे

अंतोन चेखव्हची ‘विद्यार्थी’ ही कथा १८९४ सालची, जेमतेम चार पानांची. आपल्याला निराशावादी म्हणणाऱ्यांपुढे चेखव्ह हीच कथा ठेवत असे, अशी आठवण इव्हान बुनिनने लिहून ठेवली आहे. ती वाचून संपवताना मन उजळतं, हे खरं. पण त्या उजेडाच्या कडेला एक बाई बसली आहे. कथाभर ती एक शब्द बोलत नाही.

गुड फ्रायडेची संध्याकाळ. धर्मशास्त्र शिकणारा इव्हान वेलिकोपोल्स्की शिकारीहून परततो आहे. एकाएकी बोचरा वारा सुटलेला, बोटं काकडलेली, आणि उपासाचा दिवस म्हणून घरी चूल थंड. त्याच्या मनात येतं, रुरिकच्या काळी हाच वारा होता, इव्हान द टेरिबलच्या आणि पीटरच्या काळीही हाच. हीच भोकं पडलेली गवती छपरं, हीच भूक, हेच अज्ञान. आणखी हजार वर्षांनीही काही बदलायचं नाही. रशियाचा सगळा इतिहास चेखव्हने एका उपाशी पोराच्या हुडहुडीत बसवला आहे.

वाटेवरच्या मळ्यात दोन विधवा, मायलेकी. आई वासिलिसा पुरुषी कोट घालून शेकोटीपाशी उभी. मोठ्या घरांत दाईपण केलेलं, त्यामुळे बोलणं मऊ. लेक लुकेर्या नवऱ्याचा मार खाऊन खाऊन दबून गेलेली. ती खाली बसून भांडी घासते आहे. हात शेकता शेकता विद्यार्थी सांगू लागतो: अशाच थंड रात्री येशूचा शिष्य पेत्रही शेकोटीपाशी उभा होता. कोंबडा आरवण्याआधी त्याने येशूला तीनदा नाकारलं, आणि मग बाहेर जाऊन तो रडला.

ऐकता ऐकता वासिलिसाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. वाचकाचं लक्ष तिकडेच जातं. पण त्याआधी एक बारीकशी गोष्ट घडून गेलेली असते. येशूला मारत होते आणि पेत्र लांबून पाहत होता, असं विद्यार्थी म्हणतो, आणि नेमकी तिथेच लुकेर्या चमचे सोडून त्याच्याकडे एकटक बघू लागते. आईला भिडतो पेत्राचा पश्चात्ताप. लेकीला भिडतो तो मार. चेखव्ह यावर एका शब्दानेही भाष्य करत नाही. पुढे तिच्या चेहऱ्यावर असह्य कळ दाबून धरणाऱ्या माणसाचा ताण दिसतो, एवढंच तो नोंदवतो. त्याचे आजोबा भूदास होते. १८४१ मध्ये त्यांनी पैसे मोजून घराण्याची सुटका करून घेतली. मार मुकाट सोसणाऱ्यांची ही जात त्याला परकी नव्हती.

विद्यार्थी निघतो. एकोणीस शतकांपूर्वीचं दुःख या दोघींना भिडलं, म्हणजे काळ ही अखंड साखळी आहे. एक टोक हलवलं की दुसरं थरथरतं, असं त्याला उमगतं आणि तो हरखतो. इथे चेखव्ह हळूच सांगून टाकतो, त्याचं वय अवघं २२. या आनंदाला तो खोटं पाडत नाही, फक्त त्याचं वय सांगतो.

साखळी खरीच आहे. पण शेकोटीपाशी ऊब घेऊन, मार खाल्लेल्या जिवाकडे पाहून पुढे निघून जाणारा आज कोण, हे त्या पोराला सुचत नाही. त्याने एकदा मागे वळून पाहिलेलं असतं: अंधारात शेकोटी लुकलुकत होती, माणसं दिसत नव्हती.