गाण्याची नाममुद्रा

मेहकरहून लोणारला निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. सरोवर बघायला निघालेले प्रवासी इथं फारसे उतरत नाहीत. पण ज्याला गाण्याचं प्रेम आहे, त्याने या रस्त्यावर थोडं थांबावं. मराठी भावगीताचा एक उगम याच टापूत आहे. सिंदखेडराजात १९०९ साली जन्मलेले आणि पुढे मेहकरात वकिली केलेले ना. घ. देशपांडे यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ती गायली, एचएमव्हीने तिची तबकडी काढली आणि मराठी घराघरात एक नवं गाणं शिरलं. ‘शीळ’ हा कवितासंग्रह आला १९५४ साली. म्हणजे मेहकरच्या कवीची ही कविता पुस्तकाच्या वीस वर्षं आधी तबकडीवरून महाराष्ट्राला पाठ झाली होती.

त्या काळी कवी आणि ऐकणारा यांच्यामध्ये एक दार होतं आणि त्याची किल्ली तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे होती. कंपनीने निवडलं तर गाणं वाजायचं, नाहीतर गावातच राहायचं. पुढे कॅसेटने ते दार अर्धं उघडलं. आज ते राहिलेलंच नाही. सुलतानपूरचा एखादा भजनी गायक रात्री गाणं ध्वनिमुद्रित करू शकतो आणि सकाळी ते पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत ऐकलं जाऊ शकतं. मग या मोकळिकीने आमच्या गाणाऱ्यांना काय दिलं? माझं उत्तर असं आहे: गाणं पोचवणं सोपं झालं, विकणं अवघडच राहिलं आणि गाण्यावरचं स्वतःचं नाव टिकवणं पूर्वीपेक्षा कठीण झालं. या तिसऱ्या गोष्टीची चर्चा आपण सगळ्यात कमी करतो. खरं तर पहिल्या दोन्ही तिच्यावरच उभ्या आहेत.

आमच्याकडचं संगीत म्हणजे काय, ते आधी पाहू. तुकडोजी महाराजांनी विदर्भभर पोचवलेलं खंजिरी भजन आहे. सप्तखंजिरीवादक सत्यपाल महाराजांनी त्यालाच प्रबोधनाची धार दिली. वारकरी भजन आणि काकडा आहे. १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगाव रंगणारे भीमगीतांचे आणि कव्वालीचे दुय्यम सामने, म्हणजे दोन गायकांचे सवाल-जवाब, आहेत, तांड्यांवरची बंजारा गाणी आहेत, लग्नाच्या वरातीतला बँजो आहे. या सगळ्यांची कमाई आजही सुपारीवर चालते. यात्रा, जयंती, सप्ताह, लग्न असा हंगाम ठरलेला असतो. पूर्वी सुपारी ओळखीतून मिळायची, आता फोनवरून मिळते, आणि फोन करणाऱ्याने आधी यूट्यूबवर गाणं ऐकलेलं असतं. म्हणून या भागात ऑनलाइन गाणं हे मुख्यतः सुपारी आणणारं निमंत्रण आहे. हे ओळखलं की पुष्कळ निराशा टळते.

निराशा कुठे वाट पाहते, ते आकड्यांत दिसतं. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल, तर चॅनेलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी प्रेक्षणं. पाच मिनिटांचं गाणं धरा. ४,००० तास म्हणजे ते अथपासून इतिपर्यंत ४८,००० वेळा ऐकलं गेलं पाहिजे. एवढं झाल्यावर लांब चित्रफितींच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. स्पॉटिफायचा हिशेब आणखी वेगळा. २०२४पासून, एखादं गाणं आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलेलं नसेल तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत. शिवाय जमा रक्कम एका सामायिक गल्ल्यात जाते आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटली जाते. लोणारच्या एखाद्या आजोबांनी वर्गणी भरून वर्षभर फक्त आपल्या गावच्या मंडळाचं भजन ऐकलं, तरी त्यांचा रुपया सरळ त्या मंडळाकडे जात नाही. तो गल्ल्यात पडतो आणि गल्ल्यावर मोठ्यांचा हात मोठा असतो.

मोठं यश शक्य नाही, असं मी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजलं. त्यामागे चित्रपट नव्हता. भावाचं, जी-स्पार्कचं, संगीत होतं आणि आधीच्या गाण्यांनी जोडलेला श्रोता होता. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या डच कंपनीपर्यंत पोचलं. या दोन्ही गाण्यांनी मराठी बोली जशीच्या तशी ठेवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. परकं होऊन मोठं व्हावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. पण लाखात एकाच्या नशिबावर हजारोंचा व्यवसाय उभा राहत नाही. समीक्षकाने बाकीच्यांकडे पाहायला हवं.

त्या बाकीच्यांची गोष्ट कडूबाई खरातांपासून नीट कळते. छत्रपती संभाजीनगरच्या या गायिकेने एकतारीवर भीमगीतं गात आयुष्य काढलं. महाराष्ट्राला त्या कळल्या त्या मुख्यतः इतरांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींमधून. हा आवाज आपल्यापर्यंत आला याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही प्रश्न उरतोच. ज्याच्या फोनमध्ये गाणं टिपलं गेलं, ज्याच्या चॅनेलवर चढलं, ज्याच्या खात्यात ऐकणाऱ्यांचा आकडा वाढला, तो आणि गाणारा गळा यांचं नातं काय? गावोगाव आज हेच घडतं आहे. तालुक्याच्या ठिकाणचा चॅनेलवाला ध्वनिमुद्रणाचे पैसे गायकाकडूनच घेतो, गाणं स्वतःच्या चॅनेलवर ठेवतो आणि कागद कुठलाच होत नाही. गाणं चाललं तर वाढतो तो चॅनेल. गायकाला सुपारी मिळते, तेवढीच. गीत लिहिणाऱ्याला तीही नाही. त्याच्या नावाच्या जागी बऱ्याचदा ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असतं, आणि तो माणूस अजून त्याच गावात राहत असतो.

इथं कायदा आपल्या बाजूने आहे, आणि ते आपल्यालाच ठाऊक नाही. प्रताधिकार कायदा १९५७चा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क दुसऱ्याला दिले, तरी पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा त्यांचाच राहतो. तो सोडून दिल्याचा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी वापरात गायक-वादकांचाही रॉयल्टीचा हक्क कायद्याने मानला आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘कायमचे सगळे हक्क दिले’ असं तोंडी बोलून काहीच कायमचं जात नाही. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे. चित्रपटसृष्टीतल्या मंडळींना तिचा पत्ता पाठ आहे. शाहिराला, भजनी बुवाला, कव्वालाला मात्र तिथं आपलंही नाव लागू शकतं, हे कुणी सांगितलेलं नाही.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. आमची पुष्कळ लोकगाणी चित्रपटाच्या चालीवर बांधलेली आहेत. गर्दीला ओळखीची चाल देऊन तिच्यात नवा विचार भरायचा, ही जलशांपासूनची रीत होती आणि तिने मोठं काम केलं. मैदानात चाल उसनी घेतली तर हिशेब मागायला कुणी येत नसे. यूट्यूबचं यंत्र मात्र ध्वनिमुद्रण ओळखतं आणि बऱ्याचदा चालही ओळखतं. अशा गाण्याची कमाई मूळ कंपनीकडे वळते, कधी गाणंच खाली येतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यांना एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल सगळ्यांची नाही. ज्याला ऑनलाइन विकायचं आहे, त्याला स्वतःची चाल बांधावी लागेल. मला ही अडचण वाटत नाही, आव्हान वाटतं. खंजिरीच्या ठेक्यात, ओवीत, वऱ्हाडी बोलीच्या हेलात चालींचं एवढं भांडार पडलं असताना आपण उसनवारी कशाला करायची?

याच ठिकाणी मला कलेविषयी तक्रार करायची आहे. गावाकडून आज येणारी बरीच गाणी एकाच साच्यातली वाटतात. कीबोर्डचा तोच ठेका, सुरावर तीच यांत्रिक इस्त्री, पहिल्या काही क्षणांत ओरडून लक्ष वेधण्याची तीच घाई. स्पॉटिफायवर तीस सेकंदांनी गाणं ‘वाजलं’ असं मोजतात, शॉर्ट्समध्ये तर त्याहून आधी बोट पुढे सरकतं. म्हणून आलाप गेला, सवाल-जवाबातली दमछाक गेली आणि खंजिरीचा खरा, थोडा खरखरीत नाद पॅडखाली दबला. माध्यम गाण्याला नेहमीच आकार देतं. जुन्या तबकडीनेही तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा घातली होती आणि तिच्यातूनच भावगीताचा नेमकेपणा आला. त्या पिढीने मर्यादेतून एक रूप घडवलं. आपण अजून फक्त मर्यादा पाळतो आहोत.

विक्रीचं काय? थोडक्यात पण ठाम सांगतो. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं थेट चढत नाही. त्यासाठी वितरण सेवा लागते. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेते. राउटनोट फुकट चढवते आणि कमाईतले १५ टक्के कापते. वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात, हे आधीच लक्षात ठेवावं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. गाणं कुठंही वाजलं तरी तो त्याची ओळख असतो. एकच नाव तीन चॅनेलांवर तीन प्रकारे लिहिलं, तर एका गायकाचे तीन गायक होतात आणि कीर्ती तीन ठिकाणी सांडते. बँडकॅम्पवर डिजिटल गाण्याच्या विक्रीतले १५ टक्के आणि व्यवहार शुल्क कापून बाकी गायकाला मिळतात. तिथले पैसे पेपालमार्गे येतात, म्हणून आपल्यासाठी ती बाजारपेठ परदेशातली. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं एकत्र येऊन १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. तिकडच्या घरांना गणपतीत आणि दिवाळीत गावचं गाणं हवं असतं. ते विकत घेता येईल अशा ठिकाणी आपण ठेवलंय का, हा प्रश्न आहे.

जवळचा बाजार तर अजून सोपा आहे. सामन्याच्या स्टेजपाशी क्यूआर कोडचा फलक लावावा. कार्यक्रम आवडलेल्यांचे नंबर घ्यावेत आणि नवं गाणं आधी त्यांनाच व्हॉट्सॲपवर पाठवावं. पाचशे घरांनी वर्षाला शंभर रुपये दिले तर पन्नास हजार होतात. एवढ्यात मंडळाचं वर्षाचं ध्वनिमुद्रण निघेल. पाचशे ओळखीची घरं ही पाच लाख अनोळखी प्रेक्षणांपेक्षा भरवशाची असतात, कारण ती यादी आपल्या हातात असते. चॅनेल आपल्या हातात नसतो. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी गाणाऱ्यांचा श्रोता एका रात्रीत दिसेनासा झाला. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केलं की बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झालं. दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहावं, पण घराचे कागद स्वतःच्या पेटीत ठेवावेत.

आणि हे आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. आपल्या संतांनी नाव गाण्याच्या आतच विणलं होतं. ‘तुका म्हणे’ ही नुसती सही नाही. अभंग कुणाच्याही गळ्यातून, कुठल्याही गावातून गेला तरी ते नाव त्याच्यासोबत जातं. ते काढलं तर ओळच मोडते. तुकडोजी महाराजांनी ती रीत पाळली, लोककवी वामनदादा कर्डकांनी आपल्या गीतांत पाळली. छापखाना, तबकडी, कॅसेट, मोबाइल ही सगळी माध्यमं आली, पण त्या नाममुद्रेला कुणी पुसू शकलं नाही.

आजच्या गाण्याला हीच मुद्रा दोन ठिकाणी लागते: एक गीताच्या ओळीत, दुसरी गाण्यासोबत चढणाऱ्या माहितीत. प्रत्येक भजनी मंडळाकडे पदांची एक वही असते, हातोहात फिरून कोपरे दुमडलेली. तिच्या शेवटच्या पानांवर आता आणखी चार रकाने आखावेत: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, मुद्रण कुणाच्या खर्चाने. खाली सर्वांच्या सह्या आणि तारीख. चॅनेल काढायच्या आधी हे पान भरावं. मेहकरच्या वकिलांची कविता तबकडीवरून जगात गेली आणि शब्द कुणाचे हे आजही आपण सांगू शकतो. सुलतानपूरच्या वहीतलं पुढचं गाणंही असंच ओळखीसकट जगात जावं.