नृत्यपरंपरा आणि नवशिक्याची जागा

नृत्याची परंपरा टिकली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. काव्याची पोथी उरते, मूर्ती दगडात उरते. नृत्य मात्र एका देहातून दुसऱ्या देहात उतरले तरच उरते. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, वारली व कातकरी यांच्या नृत्यांसंबंधी ‘जतन’ हा शब्द वारंवार योजिला जातो. त्याचा अर्थ तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

तुलनेसाठी युरोपीय बॅलेचे उदाहरण घेऊ. पेतिपाची ‘स्लीपिंग ब्यूटी’ ही रचना १८९० साली सेंट पीटर्सबर्ग येथे रंगभूमीवर आली. तिच्या पदन्यासांची स्टेपानोव पद्धतीने केलेली टिपणे सेर्गेयेव याने क्रांतीनंतर रशियाबाहेर नेली. त्यांच्या आधारे १९३९ साली लंडनमध्ये ती उभी राहिली आणि २०१५ साली रातमान्स्की याने त्याच टिपणांवरून तिची पुनर्रचना केली. तथापि टिपणात पाऊल उतरते, पावलाचा डौल उतरत नाही. तो गुरूच्या नजरेखाली, नित्याच्या सरावात शिष्याच्या अंगी बाणतो. बॅले ही दरबारात जन्मलेली व रंगमंचावर वाढलेली कला होय. प्रेक्षकाकडे तोंड करून नाचणे हा तिचा स्वभावच आहे. तिची शिकण्याची जागा निराळी, म्हणजे शाळेत आहे. ती शाळा शाबूत आहे तोवर परंपरेचा धागा तुटत नाही.

वारल्यांच्या तारपानृत्याची घडण याहून भिन्न आहे. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा कर्णा यांचे तारपा हे वाद्य. ते वाजविणाऱ्याकडे पाठ न करता, एकमेकांच्या कमरेला हात घातलेली स्त्रीपुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. सूर पालटला की पाऊल पालटते. साखळीचे एक टोक नायकाकडे असते, तर दुसरे मोकळे. नवखा पोर तेथे जोडून घेता येतो. शेजाऱ्याच्या अंगाच्या झोक्याने तो चुकतो, सावरतो आणि शिकतो. शिकणे व नाचणे या येथे दोन क्रिया नव्हेत.

संमेलनाच्या वा महोत्सवाच्या रंगमंचावर हे वर्तुळ प्रेक्षकांच्या सोयीसाठी उलगडून अर्धचंद्राकृती होते. रात्रभराचा नाच काही मिनिटांत बसवावा लागतो. म्हणून नाचणारे निवडावे लागतात. पावले चुकत नाहीत, पण मोकळे टोक नाहीसे होते. बॅलेतील रंगमंच शाळेला धक्का लावीत नाही. येथे वर्तुळ हीच शाळा असल्यामुळे ते उलगडताच शाळाही मोडते.

आणखी एक धोका आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, डहाणू हे तारप्याचे ख्यातनाम तालुके त्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यात राहिले. अशा वेळी ‘आदिवासी नृत्य’ म्हणून सर्वत्र तारपाच बसविला, तर सणाच्या दिवसांशी बांधलेला ठाकरांचा गौरीनाच घरच्या अंगणातच परका होईल. ल. ना. चापेकर यांचा ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. असे वर्णन मोलाचे खरे. पण त्याची योग्यता स्टेपानोवच्या टिपणांइतकीच समजावी.

रंगमंच त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या नाचाकडे परके लोक एकेकाळी तुच्छतेने पाहत, त्याला रंगमंचाने प्रतिष्ठा दिली. तरुणांना त्याचा अभिमान वाटू लागला, हेही थोडे नाही. परंतु समीक्षकाने वेश व पदन्यास यांची अचूकता पारखून थांबू नये. पाड्यावरचा नाच अद्याप सणाला होतो काय, आणि त्यात न येणाऱ्याला जागा आहे काय, हे त्याने प्रथम विचारावे. त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर रंगमंचावरील निर्दोष प्रयोगास उत्तम स्मारक म्हणता येईल. परंपरा म्हणता येणार नाही.